एस्टेस पार्कची केबिन, आजी-आजोबा आणि सहा वर्षांची नात: काय काय बघावं लागेल?

केतकीबन:
आईबाबा (वय ६७ आणि ७१) पुण्याहून अमेरिकेत डेन्व्हरला (कोलोरॅडो) सहा महिन्यांसाठी आले आहेत. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ते दोघं आणि नात (वय ६) अशी तिघांनीच एस्टेस पार्कजवळच्या डोंगरातल्या केबिनमध्ये पाच दिवस राहायचं ठरतंय. केबिन ८,२०० फुटांवर आहे. खाली एक खोली, माळ्यावर बंक बेड, लाकडाचा स्टोव्ह, बाहेर हॉट टब. मोबाइलला रेंज नाही, वायफाय आहे. बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, आईचे गुडघे दुखतात. आम्ही दोघं सोडून येणार आणि पाचव्या दिवशी आणायला जाणार. उंची, स्वयंपाक, प्राणी आणि नातीचा दिवस, या सगळ्याबद्दल नेमकी माहिती हवी आहे. 'मजा करा' असं प्लीज लिहू नका :)

हिमरेषा:
उंचीपासून सुरुवात करते. डेन्व्हर ५,२८० फूट, एस्टेस पार्क गाव ७,५२२ फूट, तुमची केबिन ८,२०० फूट म्हणजे २,५०० मीटर. विरळ हवेचा त्रास साधारण याच उंचीपासून सुरू होतो. आईबाबा डेन्व्हरला आधीच काही आठवडे राहिलेले असतील तर ते मोठं भांडवल आहे. पुण्याहून विमानाने येऊन दुसऱ्याच दिवशी वर नेत असाल तर नेऊ नका. साडेअकरा तासांचा वेळेचा फरक आणि उंची एकदम अंगावर आली की डोकं कशाने दुखतंय तेच कळत नाही.

पहिले दोन दिवस केबिन आणि आजूबाजूचा सपाट रस्ता, एवढंच. जवळच्या रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानातल्या ट्रेल रिज रोडवर पहिल्या दिवशी अजिबात नाही. तो रस्ता १२,१८३ फुटांपर्यंत चढतो. त्यावर जायचंच असेल तर चौथ्या दिवशी सकाळी, आणि वर थांबायचं ते थोडा वेळ.

त्रासाची लक्षणं: डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, झोप न लागणं. सहा वर्षांचं मूल 'डोकं दुखतंय' असं नीट सांगेलच असं नाही. ते चिडचिड करतं, जेवत नाही, खेळ सोडून पडून राहतं. नात आवडता खेळ नको म्हणाली तर ते लक्षण समजा. साधा त्रास विश्रांतीने एक-दोन दिवसांत उतरतो. वाढत चालला, चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर सकाळची वाट बघायची नाही, खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा.

बाबांच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का ते डॉक्टरांना आधी विचारा, कारण कोरड्या हवेत शरीरातलं पाणी तसंही लवकर कमी होतं. झोपेची गोळी वर घेऊ नये. बोटावरचा ऑक्सिमीटर नेलात तर आकडा डेन्व्हरपेक्षा खाली दिसणार, घाबरू नका. गार बोटावर तो चुकीचं दाखवतो, आधी हात चोळून गरम करा.

अजून एक. नातीला तापासाठी इथलं टायलेनॉल दिलं असेल तर वर आजीने आणलेलं क्रोसिन द्यायचं नाही. दोन्हीत औषध तेच आहे, पॅरासिटामॉल. वजनाप्रमाणे डोस कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा.

खलबत्ता:
स्वयंपाकाचं मी लिहिते, कारण तिथे आजीची खरी पंचाईत होते. ८,२०० फुटांवर पाणी साधारण ९१-९२ अंशांनाच उकळतं. खळखळ उकळी दिसते, पण उष्णता कमी असते. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी कण राहतो. राजमा, छोले यांचं तर नावच नको. कुकर हवाच.

कुकरमध्येही आतलं तापमान पुण्यापेक्षा कमी राहतं, कारण शिट्टीचं वजन तेच असलं तरी बाहेरची हवा हलकी असते. ठोकताळा असा: २,००० फुटांच्या वर दर १,००० फुटांना शिजायचा वेळ ५ टक्के वाढवायचा. तुमच्या उंचीला सुमारे ३० टक्के. पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर दहा मिनिटं ठेवत असाल तर तेरा ठेवा. मुगाची खिचडी: एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, पाणी साडेचार वाट्या, दोन्ही अर्धा तास भिजवून. उघड्यावर भात करायचा तर वाटीला अडीच वाट्या पाणी, झाकणावर वजन, आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही.

शेगडी कुठली आहे ते आधी विचारा. बऱ्याच केबिनमध्ये विजेची कॉइलची किंवा काचेची असते. बटण कमी केलं तरी कॉइल कितीतरी वेळ तापलेली राहते, त्यामुळे दूध उतू जातं, फोडणी जळते. भांडं उचलून बाजूला ठेवायची सवय लावावी लागते. इंडक्शन असेल तर भारतातला ॲल्युमिनियमचा कुकर चालणारच नाही. कुकरची एक जादा रिंग बॅगेत असू द्या. डोंगरात ती मिळणार नाही.

फोडणी! हिंग-मिरचीच्या धुराने स्मोक अलार्म हमखास वाजतो. अशा केबिनमध्ये शेगडीवरचा पंखा बहुतेक वेळा धूर बाहेर टाकत नाही, गाळून परत खोलीतच सोडतो. खिडकी उघडा, तेल कमी तापवा, किंवा फोडणी डेन्व्हरहून करून बाटलीत न्या. कुणीही अलार्मची बॅटरी काढायची नाही.

इडलीचं पीठ: जुलैतही रात्री तिथे गारठा असतो. ओव्हन बंद, आतला दिवा चालू, त्यात पातेलं. तरी मी पीठ नेण्यापेक्षा थालीपिठाची भाजणी, मेतकूट, भाजून ठेवलेला रवा आणि पोहे न्या असंच म्हणेन. दमलेली आजी आणि भुकेलं पोर, दोघांनाही मेतकूट-तूप-भात पुरतो. चहाला पाणी जास्त वेळ उकळा, पत्ती थोडी जास्त. चिप्सची पाकिटं, लोणच्याच्या बाटल्या वर जाताना फुगतात. झाकण सिंककडे धरून हळू उघडा. औषधाची ड्रॉपरची बाटलीसुद्धा.

ठिणगी:
वर हिमरेषाताईंनी उंचीची लक्षणं दिली आहेत. डोकेदुखी, मळमळ, गळून जाणं. लाकडाचा स्टोव्ह नीट ओढत नसेल आणि घरात कार्बन मोनॉक्साइड साठत असेल तर लक्षणं अगदी हीच असतात. मला या धाग्यात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. घरात शिरताना सगळ्यांच्या मनात उंचीचा विचार असतो, म्हणून वायूचा संशयच येत नाही.

फरक असा ओळखा: घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी त्रास सुरू झाला, स्टोव्ह किंवा हीटर चालू होता, आणि बाहेर मोकळ्यावर गेल्यावर बरं वाटलं, तर वायू. शंका असली तरी तिघांनी आधी बाहेर पडायचं, मग ९११ (इथला आणीबाणीचा नंबर). आत परत जायचं नाही, चपला-चष्म्यासाठीसुद्धा नाही.

अलार्म दोन वेगळे असतात, आवाजही वेगळे. धुराचा: तीन टिट, थांबा, तीन टिट. कार्बन मोनॉक्साइडचा: चार टिट, थांबा, चार टिट. मिनिटाभराने एकच टिट म्हणजे बॅटरी संपत आली. गेल्या गेल्या बटण दाबून आजोबांना आणि नातीला दोन्ही आवाज ऐकवा. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा एक अलार्म घरून न्या आणि झोपायच्या खोलीजवळ ठेवा, केबिनमध्ये असला तरी.

आता स्टोव्ह. जुलैत रात्री तो लागतोच असं नाही. आजीला थंडी वाजली तर विजेचा हीटर जास्त सोपा आणि सुरक्षित. तरी पेटवायचाच असेल तर:

हवेची झडप पूर्ण उघडी. धुराड्यावर वेगळी झडप असेल तर तीही. चुलीची सवय असलेला माणूस खाली काटक्या, वर ओंडका रचतो. या बंद स्टोव्हमध्ये उलटं बरं पडतं: तळाला दोन-तीन मध्यम ओंडके, त्यावर बारीक फोडी, सगळ्यात वर कागद आणि काटक्या. वरून पेटवायचं. धुराडं आधी तापतं आणि धूर खोलीत येत नाही. धुराडं थंडगार असेल तर आतली थंड हवा खाली दाबते. तेव्हा वर्तमानपत्राची एक सुरळी पेटवून धुराड्याच्या तोंडाशी अर्धा मिनिट धरा, जवळची खिडकी दोन बोटं उघडी ठेवा. लाकूड सुकंच हवं. दोन फोडी एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत आवाज आला तर सुकी, बद्द आला तर ओली. ओल्या लाकडाने धूर होतो, काच काळी होते आणि धुराड्यात डांबर साठतं. तेच पुढे पेट घेतं.

रात्री झडप पूर्ण बंद करून निखारे धुमसत ठेवायचे नाहीत. वायू नेमका तेव्हाच जास्त तयार होतो.

राख: झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत, बादली लाकडी डेकवर नाही, मातीवर किंवा दगडावर. राखेतला निखारा दोन-तीन दिवस जिवंत राहतो. कागदी पिशवीत भरलेली राख हे डोंगरातल्या आगींचं नेहमीचं कारण आहे. आणि नात: स्टोव्हची काच दोनशे अंशांच्या पुढे तापते. स्टोव्हपासून तीन फुटांवर जमिनीवर रंगीत टेप लावा. आत पाय टाकायचा नाही, हा नियम सहा वर्षांचं मूल आनंदाने पाळतं, फक्त तो मोठ्यांनाही लागू हवा.

उन्हाळ्यात आगीबंदी लागू असू शकते. मग बाहेरची शेकोटी पूर्ण बंद. आधी काउंटीचा (म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा) नियम बघून घ्या.

उंबरठा:
घराच्या रचनेबद्दल थोडक्यात. खालची खोली आजी-आजोबांची. माळ्याचा जिना उभा असतो आणि रात्री बाथरूमला दोन-तीनदा उठणं होतंच. बॅटरीचे दोन रात्रदिवे न्या. बंक बेडच्या वरच्या पलंगावर सहा वर्षांखालच्या मुलाने झोपू नये असा इथला नियम आहे, नात जेमतेम सहाची, खालीच झोपवा. खरं तर आजीच्याच खोलीत गादी टाका, मग जिना हा विषयच संपतो.

हॉट टब: रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. नातीला दहा मिनिटांवर नाही, मोठं माणूस हाताच्या अंतरावर असेल तरच. वापर नसेल तेव्हा झाकण कुलूपबंद.

मैल्याची टाकी (सेप्टिक) असते. ओले वाइप्स, तेल, चहाचा चोथा, उरलेली आमटी यातलं काहीही नळीत नाही.

केतकीबन:
खूप उपयोगी. अलार्मच्या आवाजांचं माहीतच नव्हतं. एक विचारायचं राहिलं: गाडी तिथे नसेल, कारण बाबा इथे चालवत नाहीत. वायफायवर फोन लागतो तेवढं पुरे ना?

पायवाट:
पुरे नाही, आणि हे मी ठामपणे लिहितोय.

पहिलं, वायफायवरून ९११ लावलं की त्यांच्याकडे फोनमध्ये नोंदवलेला पत्ता जाऊ शकतो. तुमच्या फोनमध्ये तो डेन्व्हरचा असणार. फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंगच्या खाली आणीबाणीचा पत्ता असतो, तो केबिनचा करा, परत आल्यावर बदला. आईबाबांकडे भारतातलं सिम असेल तर त्याच्या भरवशावर राहूच नका. दुसरं, वादळात वीज गेली की वायफायही जातं, आणि जुलैत दुपारी वादळं रोजची असतात. केबिनमध्ये लँडलाइन आहे का ते मालकाला विचारा, आणि ती तारेची हवी, राउटरला जोडलेली नको. फोनशेजारी मोठ्या अक्षरांत: घर क्रमांक, रस्त्याचं नाव, कुठल्या हायवेवरून कुठे वळायचं. घाबरलेल्या माणसाला इंग्रजीत पत्ता सांगताना हा कागद वाचता येतो.

तिसरं, चालक. वर 'खाली उतरायचं' असं लिहिलंय. गाडीशिवाय कसं उतरणार? तुमच्यापैकी एकाने तिथे राहून वायफायवर काम करावं. दिवसभर खोलीत बसा, मध्ये येऊ नका, पण गाडी आणि किल्ली घरात असू द्या.

शेवंतीची वेणी:
पायवाट, थोडी असहमती. आजी-आजोबांना नातीबरोबर एकटं राहायचं असतं, त्यात आईवडील असले की नात त्यांच्याकडेच धावते. केबिनऐवजी गावातच घर घेतलं तर? एस्टेस पार्कमध्ये रुग्णालय आहे, वाणसामानाचं दुकान आहे, फोनला रेंज आहे, आणि उंची सातशे फूट कमी. पाइनची झाडं तिथेही आहेत.

पायवाट:
हा तोडगा पटला. गावात असेल तर दिवसा तिघं एकटे, रात्री तुमच्यापैकी एक मुक्कामाला, असं जमेल. डोंगरातलीच केबिन हवी असेल तर मात्र माझं मत तेच.

दोन्ही परिस्थितींत एक पत्र लागेल: आजी-आजोबांना नातीवर उपचार करून घेण्याची परवानगी आहे, असं आईवडिलांच्या सहीचं. सोबत विमा कार्डाची प्रत, ॲलर्जी, वजन, डॉक्टरांचा फोन.

रानहळद:
प्राणी. कोलोरॅडोत काळी अस्वलं आहेत आणि ती वासावर येतात. तूप, तळणीचं तेल, आंब्याच्या साली, सगळ्याचा वास त्यांना दुरून येतो. गाडीत खाऊचं रिकामं पाकीटसुद्धा नको, गाडी कुलूपबंद. खाली दाबायच्या मुठीचं दार अस्वल सहज उघडतं, म्हणून रात्री आतून कडी. कचरा अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यातच. दिसलंच तर पळायचं नाही. नातीला उचलून घ्या, उभे राहा, मोठ्याने बोला, हळूहळू मागे सरका. मूस (खूप मोठं, दांडगं हरीण) दिसला तर मात्र उलट: त्याने कान मागे पाडले की पळून झाडाआड किंवा गाडीआड जा.

एल्क (सांबरासारखी मोठी हरणं) गावातही फिरतात. राष्ट्रीय उद्यानाचा नियम: एल्क आणि रानमेंढ्यापासून ७५ फूट, मूस आणि अस्वलापासून १२० फूट. नातीला 'दोन बस' आणि 'तीन बस' असं सांगा. खारींना दाणे घालायचे नाहीत, आजोबांनीही नाही. चावतात, आणि त्यांच्या पिसवांतून प्लेग पसरू शकतो.

आता न दिसणारा प्राणी. बंद राहिलेल्या केबिनमध्ये उंदरांच्या लेंड्या सापडतात. तिथल्या हरीण-उंदरापासून हँटाव्हायरस होतो, आणि तो जातो फुफ्फुसात. आपल्याकडची सवय म्हणजे घरात शिरल्यावर केरसुणी हातात घेणं. तिथे ते करू नका. कोरडं झाडलं की धूळ उडते आणि श्वासातून आत जाते. दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा. हातमोजे घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी फवारून पाच मिनिटं भिजू द्या, कागदाने टिपून पिशवी बांधून टाका. हे काम तुम्ही सोडायला जाल तेव्हा तुम्हीच करा, आईकडे सोपवू नका.

गवतातून आल्यावर कानामागे, केसांत, काखेत गोचीड बघा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल लावणं, उदबत्ती टेकवणं नको.

पानगळ:
आता नातीचा दिवस. 'रोज एक ठिकाण' असा कार्यक्रम आखू नका. सकाळी एक छोटं चालणं, दुपारी घर, संध्याकाळी डेक. दुपारी गडगडाट होतो, तेव्हा उघड्यावर असायचंच नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास आत.

चालायला: लिली लेक आणि स्प्रेग लेक. दोन्हीचा फेरा एक मैलाच्या आत, वाट सपाट, चाकाची खुर्चीही जाते, बसायला बाकं आहेत. आजीच्या गुडघ्यांना हे जमेल. बेअर लेक ९,४५० फुटांच्या आसपास आहे आणि वाटेला चढउतार आहे, ते शेवटी ठेवा.

केबिनभोवतीची झाडं हाच मोठा खेळ आहे. सुया मोजायच्या: दोनदोनच्या जुडीत असतील तर लॉजपोल पाइन, तीनच्या असतील तर पाँडेरोसा, पाचच्या असतील तर लिंबर पाइन. एकेकटी सुई बोटांत फिरवून बघा: चौकोनी, टोचरी असेल तर स्प्रूस, चपटी आणि मऊ असेल तर फर. पाँडेरोसाच्या उन्हाने तापलेल्या सालीला नाक लावलं की व्हॅनिलाचा वास येतो. अॅस्पेनचं पान वारा नसल्यासारखा असला तरी पिंपळाच्या पानासारखं सळसळतं. त्याचा देठ चपटा असतो, म्हणून. आजोबांनी नातीला देठ बोटांत फिरवायला द्यावा. पट्ट्यांची खार दिसली तर बघा: चेहऱ्यावर पट्टे असतील तर चिपमंक, फक्त अंगावर असतील तर जमिनीवरची खार.

केबिनच्या आवारातले पाइनचे शंकू (कोन) गोळा करून सागरगोटे, लगोरी, सगळं होतं. राष्ट्रीय उद्यानात मात्र दगड, फूल, शंकू काहीच उचलायचं नाही. तिथे ज्युनिअर रेंजरची पुस्तिका फुकट मिळते. पानं भरून दिली की रेंजर मुलाकडून शपथ घेतात आणि बिल्ला देतात. आजीने मराठीत विचारायचं, नातीने इंग्रजीत लिहायचं, यात मराठीचा सराव आपोआप होतो.

रात्र: जुलैअखेर नीट अंधार व्हायला दहा वाजतात, म्हणून एक दुपार झोपवून एकच रात्र जागवा. हात लांब करून मूठ धरली की आकाशात साधारण दहा अंश मोजले जातात. पुण्यात ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींपेक्षा जरा खाली असतो, इथे चार मुठी वर. आजोबांनी हे नातीच्या मुठीने मोजून दाखवावं. दक्षिणेला खाली वृश्चिक, त्यात तांबूस ज्येष्ठा. जाकिटं आणि कानटोप्या लागतील.

दिवसा ऊन कडक लागतं, उंचीमुळे अतिनील किरण वाढतात. टोपी, सनस्क्रीन, नातीलाही गॉगल. नाकातून रक्त आलं तर पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबायचा, मान मागे नाही.

गवाक्ष:
प्रवेशशुल्काची एक गोष्ट. ६२ वर्षांवरच्यांचा स्वस्त पास फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना आहे, पर्यटक व्हिसावरच्या आईवडिलांना नाही. शिवाय २०२६ पासून रॉकी माउंटनसह अकरा उद्यानांत अमेरिकेत न राहणाऱ्या परदेशी पाहुण्यांना जादा शुल्क आहे. गर्दीच्या महिन्यांत वेळ ठरवून आगाऊ आरक्षणही लागत आलंय. निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर दोन्ही बघा. लिली लेकला त्या आरक्षणाची गरज पडते का तेही तिथेच कळेल.

केतकीबन:
सगळ्यांचे आभार. बदललेला बेत: गावातलं तळमजल्याचं घर शोधतेय, पहिले तीन दिवस नवरा तिथून काम करेल, शेवटचे दोन मी. स्टोव्ह वापरायचा नाही. एक शेवटचं: गावात ७,५०० फुटांवर कुकरचा वेळ किती?

खलबत्ता:
साधारण २७ टक्के जास्त. दहाचे पावणेतेरा. तेराच धरा, खिचडी जास्त शिजली तर नातीला आवडेलच. आणि काचेची शेगडी असेल तर कुकरचा तळ सपाट आहे का ते घरीच ओट्यावर ठेवून बघा. डुगडुगला तर तो नेऊ नका, विजेचा कुकर न्या.